गळती शोधावी कशी : जुना ट्रेलर, कवेलूचं घर आणि अनुमान



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका श्रोत्यांनी आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेत एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला आहे. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून न्यायचं चाकांवरचं घर. आत झोपायच्या फळ्या, ओटा, कपाटं, खिडक्या, सगळं असतं. चित्रफितीत तो पुतण्या खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा दाबतो आणि भिजवलेल्या पोह्यांत जावा तसा अंगठा आत जातो. श्रोते म्हणाले, "सर, हे तर आमच्या पडवीसारखंच झालं. तिकडे त्याने काय करायचं अन् इकडे आम्ही काय करायचं, सांगा."

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, असं तुम्हाला वाटेल. पण आम्हाला तो आमच्याच विषयातला वाटला. पाण्याने केलेलं नुकसान दुरुस्त करायला सुतार लागतो, गवंडी लागतो, हे खरंच. पण त्याआधी अनुमान नीट करावं लागतं. बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या हात वाईट म्हणून फसत नाहीत. डाग दिसला, आपण डागच दुरुस्त केला, आणि पाणी ज्या वाटेने आलं ती वाट तशीच उघडी राहिली, म्हणून फसतात. आज एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी ही दोन घरं बांधलेली कशी असतात ते पाहू.

आपल्या चिचगडात आणि एकूणच देवरी तालुक्यात जुनी घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. बाहेरगावी ऐकणाऱ्यांसाठी सांगतो : कोकणात आणि देशावर ज्याला कौल म्हणतात ते आमच्याकडे कवेलू. मधोमध मयाल, म्हणजे मोठी आडवी तुळई. तिच्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे फाटे. फाट्यांवर बांबूच्या कमच्या, आणि त्यांवर कवेलू. कवेलू दोन तऱ्हेचे. एक कुंभाराने हाताने केलेला गावठी, अर्धगोल. दुसरा कारखान्यातला, खाचा असलेला चपटा, त्याला मंगलोरी म्हणतात. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला असल्या कौलांचा कारखाना काढला, तिथून ते नाव पडलं. दोन्हींचं तत्त्व एकच. वरच्याची कड खालच्यावर चढलेली असते, त्यामुळे पाणी उतरत उतरत वळचणीपर्यंत जातं. कवेलू पाणी अडवत नाही, तो पाण्याला वाट दाखवतो.

आता जुना ट्रेलर. बाहेरून तो पत्र्याचा डबा दिसतो, पण आत लाकूड असतं. दोन-दोन इंचांच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लायवूड, आणि मधल्या पोकळीत थंडीसाठी भरलेली काचेची लोकर. काही ट्रेलरमध्ये पत्र्याऐवजी फायबरग्लासची चादर प्लायवूडवर चिकटवलेली असते. पाणी शिरलं की ती सुटते आणि भिंतीला फुगा येतो. छत जवळजवळ सपाट असतं. छतावर हवा जायची झाकणं, कडेला पट्ट्या, बाजूंना खिडक्या आणि दिवे. म्हणजे जागोजागी भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट नावाचा चिकट लेप. उन्हाने तो लेप कडक होतो, तडकतो. शिवाय हे घर रस्त्यावरून धावतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला सगळे सांधे हलतात.

फरक लक्षात आला का? कवेलूचं घर पाण्याला वाट देऊन वाचतं, ट्रेलर पाण्याला अडवून वाचतो. पण दोन्हींत वर कातडं आणि आत लाकडाच्या फासळ्या, हे सारखंच. आणि पाणी किती असतं ते बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छतावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर साडेसातशे लिटर पाणी पडलं. आपल्या झडीत, पाऊस दोन-दोन दिवस उघडतच नाही तेव्हा, याच्या कितीतरी पट. त्यातलं शंभरातलं एक लिटर जरी आत गेलं, तरी सात-साडेसात लिटर झालं. ते कुठे जातं?

ते लाकडाला धरून जातं. पाणी फाट्याच्या खालच्या अंगाला चिकटून सरकत जातं, गाठ आली की थांबतं, खिळा आला की टपकतं. ट्रेलरमध्ये ते छताच्या कडेतून शिरतं, पट्टीवरून घसरतं, काचेच्या लोकरीत मुरतं आणि सांगाड्याच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर जाऊन साचतं. म्हणून खिडकीखालची भिंत मऊ लागली, तर दोष खिडकीचा असेलही, पण वरच्या कडेचाही असू शकतो.

इथे आम्हाला न्यायदर्शन आठवतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक शेषवत्, कार्यावरून कारणाकडे जाणारा. वात्स्यायनाने भाष्यात त्याचं उदाहरण दिलं आहे ते नदीचं. नदी फुगली, वेग वाढला, तर वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण जाणतो. आपली वाघ नदी गढूळ होऊन फुगली की आपणही तेच म्हणतो. डाग पाहून गळती ओळखणं हे याच जातीचं अनुमान आहे. डाग म्हणजे फुगलेली नदी, आणि पाऊस वर कुठेतरी आहे.

पण न्यायसूत्रकार प्रामाणिक. ते स्वतःच पुढे आक्षेप मांडतात की असलं अनुमान चुकू शकतं, आणि चुकण्याची तीन कारणं देतात : रोध, उपघात आणि सादृश्य. रोध म्हणजे अडथळा. नदी पावसाने फुगते तशी प्रवाह अडल्यानेही फुगते. उपघात म्हणजे इजा. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतात, पण कुणी वारूळ उकरलं तरी त्या निघतातच. सादृश्य म्हणजे सारखेपणा. मोराची केका ऐकू आली असं वाटतं, पण माणूसही तसा आवाज काढू शकतो. मंडळी, गळती शोधताना माणसं नेमकी या तीन ठिकाणीच चुकतात.

पहिला रोध. पुष्कळदा कवेलू फुटलेलाच नसतो. दोन पाखी मिळतात त्या पन्हाळीत पाला साचलेला असतो, शेवाळ धरलेलं असतं. पाणी अडतं, चढतं, आणि चढलेलं पाणी कवेलूंच्या जोडातून उलटं आत येतं. मग माणूस वर चढतो, एकही फुटका कवेलू सापडत नाही, आणि तो चक्रावतो. शोधायचं होतं भोक, होता अडथळा. ट्रेलरचंही तसंच. छतावर पाला साचला, किंवा गाडी एका अंगाला कलती उभी केली, तर सपाट छतावर डबकं होतं. वाहतं पाणी तडकलेल्या लेपावरून निघून जातं, साचलेलं पाणी त्यातून झिरपतं. म्हणून पहिलं काम झाडूचं.

दुसरा उपघात. लाकूड पोकळ झालं म्हणजे पाण्यानेच झालं असं नाही. वाळवीनेही होतं. ओळखायचं कसं? वाळवी मातीच्या नळ्या करून चढते, आणि आतून शिरांच्या दिशेने खाते. ओलीची बुरशी वेगळी दिसते. लाकूड तपकिरी पडतं, त्याला उभ्या-आडव्या चिरा जाऊन चौकोनी ढलप्या होतात, आणि चिमटीत घेतलं तर भुगा होतो. दोन्ही एकत्रही असतात, कारण ओलं लाकूड वाळवीला सोपं जातं. पण नुसत्या वाळवीला पाखं फेरून उपयोग नाही, आणि नुसत्या बुरशीला वाळवीचं औषध मारून उपयोग नाही. आपल्याकडे आणखी एक उपघात आहे, तो म्हणजे माकडं. जंगल जवळ, वानरांची टोळी छतावरून उड्या मारत गेली की दोन-चार कवेलू सरकतातच. ते अंगणातून दिसत नाहीत.

तिसरं सादृश्य, आणि हे सगळ्यात फसवं. गळतीसारखी दिसणारी पण गळती नसलेली ओल. तिचे दोन प्रकार. एक जमिनीतून चढणारी. मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत ओल खालून चढते, हात-दोन हात जाते, आणि तिथे लोण्याची पांढरी रेघ सोडते. तिचा छताशी संबंध नाही. दुसरी म्हणजे घामेजलेली भिंत. थंड पत्र्यावर आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते. ट्रेलरमध्ये हे फार होतं. बंद डबा, बाहेर थंडी, आत माणसं आणि गॅसची शेगडी. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, हे साधं रसायनशास्त्र आहे. ती वाफ रात्री भिंतीला लागते आणि सकाळी ओघळ दिसतो. माणूस छतावर लेपावर लेप चढवतो आणि ओघळ काही थांबत नाही. त्याला लेप नको असतो, स्वयंपाक करताना खिडकी उघडायला हवी असते.

यावर एक स्वस्त परीक्षा आहे. ओल्या भागावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे आले, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला आले, तर हवेतून.

आक्षेपाला न्यायशास्त्राने दिलेलं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे. नुसती फुगलेली नदी पाहू नका. वेग पाहा, फेस पाहा, पानं, फळं, लाकडं वाहत येताहेत का ते पाहा. म्हणजे खूण एक नको, खुणांचा समूह हवा. डाग पावसातच वाढतो की कोरड्या थंडीतही दिसतो? वारा कोणत्या दिशेचा असला की वाढतो? झडीच्या पहिल्या तासात येतो की दुसऱ्या दिवशी? पेन्सिलीने डागाभोवती रेघ मारा आणि तारीख लिहा. ही वही महिनाभर ठेवली, तर अर्धं काम झालं.

आम्ही हे शिकवत होतो, पण स्वतःच्या घरी विसरलो. ते सांगितलं पाहिजे.

आमच्या वडिलोपार्जित घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर, मयालीच्या टोकाखाली, एक डाग आला. आम्ही तेव्हा नोकरीच्या गावी, सुट्टीत घरी आलेलो. एका गवंड्याला विचारलं, तो म्हणाला सिमेंटचा गिलावा करून टाकू, पुन्हा दिसणार नाही. आम्ही हो म्हटलं. डाग खरोखरच दिसेनासा झाला. तीन पावसाळे आम्ही निश्चिंत. चौथ्या पावसाळ्यात, झडीच्या एका रात्री, त्या बाजूचं पाखं हातभर खाली बसलं. आई त्याच खोलीत झोपत असे. त्या रात्री गारठ्यामुळे ती चुलीजवळ झोपली होती, एवढंच.

उघडून पाहिलं तेव्हा कळलं. मयालीचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथलं वीतभर लाकूड भुगा झालेलं. पाणी आलं होतं कुठून? आढ्याजवळ दोन कवेलू सरकलेले, डागापासून सात-आठ फूट दूर. तिथून फाट्याला धरून मयालीवर, आणि मयालीला धरून भिंतीत. पूर्वी मातीची भिंत ती ओल बाहेर सोडत होती, डाग पडायचा आणि वाळायचा. सिमेंटने भिंतीचा श्वास बंद केला. पाणी येतच राहिलं, जायचं थांबलं. डाग आम्हाला काहीतरी सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड लिंपून टाकलं. दोष गवंड्याचा नाही. त्याला आम्ही डाग जावा एवढंच सांगितलं होतं.

तर आता क्रम. दोन्ही घरांना तोच.

आधी वाट शोधा. कवेलूच्या घरात भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभे राहा, जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खूण करा. मग एकाने आत थांबायचं, दुसऱ्याने शिडीवरून तांब्याने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. प्रत्येक जागी थोडं थांबा, पाण्याला प्रवासाला वेळ लागतो. ट्रेलरला हेच नळीने करायचं. त्याला आणखी एक युक्ती आहे. खिडक्या-झाकणं बंद करून आत पंख्याने थोडा हवेचा दाब द्यायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. कवेलूच्या घराला हे चालणार नाही, ते सगळीकडून श्वास घेतं.

मग पाणी थांबवा. आपल्याकडे त्याला घर फेरणं म्हणतात : कवेलू उतरवायचे, झाडायचे, फुटके काढायचे, कुजक्या कमच्या बदलायच्या, पुन्हा रचायचे. हे मृग लागायच्या आधी व्हायला हवं, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटायच्या आत. चढताना कवेलूवर थेट पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावर वजन घ्या. ट्रेलरमध्ये कडेच्या पट्ट्या आणि खिडकीची चौकट काढायची, जुना लेप खरवडून पूर्ण काढायचा, खाली ब्यूटाइलची टेप घालून चौकट पुन्हा बसवायची, आणि छतावर छतासाठीचाच सीलंट. साधं सिलिकॉन फासू नका. त्याच्यावर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. जुन्या लेपावर नवा लेप म्हणजे आमचा सिमेंटचा गिलावाच.

तिसरं, उघडा आणि वाळू द्या. इथे माणसांचा धीर सुटतो. मऊ भिंतीचं प्लायवूड काढा, भिजलेली लोकर फेकून द्या, ती वाळून कामाची राहत नाही. आधी विजेची जोडणी बंद करा, नाकातोंडाला फडकं किंवा मास्क बांधा, बुरशीची धूळ आणि काचेची लोकर दोन्ही वाईट. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. हे मोजायचं छोटं यंत्र मिळतं. नसेल तर पंखा लावा आणि आठवडे मोजा, दिवस नको. ओल्या लाकडावर डांबर किंवा रंग लावला तर ओल आत कोंडली जाते. आधी वाळवा, मग लावा.

चौथं, कापा आणि जोडा. टोच्याने टोचत जा. टोच्या जिथे सहज शिरतो ते लाकूड मेलेलं. जिथे अडतो तिथून पुढे आणखी वीतभर कापा, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. नवा तुकडा त्याच मापाचा, वाळलेला. जोड लांब आणि तिरपा घ्यावा, बाजूने पट्टी ठोकावी. तुळईचं काम जाणत्या सुताराकडूनच, आणि खाली टेकू दिल्याशिवाय हात लावू नये. सगळ्यात शेवटी बंद करा, तेही एक मोठा पाऊस पाहून. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा द्या.

आता खरा प्रश्न : दुरुस्त करावं की सोडून द्यावं? आज गावोगावी कवेलूची घरं पाडून स्लॅब पडताहेत. गावठी कवेलू करणारे कुंभार कमी झाले, फेरणारे हात कमी झाले, हे खरं. आम्ही कुणाला जुन्यालाच चिकटून राहा म्हणणार नाही. पण निर्णय डाग पाहून घेऊ नका, भार कशावर आहे ते पाहून घ्या. मयाल, खांब आणि पाया धड असतील, तर कमच्या आणि फाटे बदलून घर उभं राहतं. मयालीची दोन्ही टोकं गेली असतील, तर नुसतं पाखं फेरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ट्रेलरमध्ये भिंतीची खालची पट्टी जिथे लोखंडी चौकटीला बोल्टने बांधलेली असते ती जागा पाहायची. ती थोडी गेली असेल तर बदलता येते. सगळीकडून गेली असेल तर तो ट्रेलर रस्त्यावर काढू नये, कारण तिथे प्रश्न आपल्या झोपेचा नसतो, मागून येणाऱ्या गाडीचाही असतो.

आणि स्लॅब गळत नाही, असंही समजू नका. स्लॅबमध्ये पाणी सळईला धरून जातं. डाग तिथेही एकीकडे आणि वाट दुसरीकडे असते.

तेव्हा त्या पुतण्याला कळवा : भिंत फोडण्याआधी छताच्या कडेला नीट बघ. आणि काका, तुम्ही घरी गेल्यावर पडवीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. मृगाला अजून वीस दिवस आहेत.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.